भिडू बदलण्याचा डाव : १९७८ ची विधानसभा पत्त्यांवर मांडताना

(कोलशेत, ठाणे येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

रविवारची दुपार सोडून इतके लोक आलात, त्याबद्दल आभार. आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की इतिहासाच्या बाई पत्ते काय खेळायला लागल्या! खरं सांगायचं तर हे घरगुती प्रकरण आहे. पुठ्ठा, कात्री, स्केचपेन आणि आपल्याच कोलशेतमधले पाच-सहा शेजारी. पण त्यातून मला माझ्याच विषयाबद्दल दोन-चार गोष्टी कळल्या, ज्या तीस वर्षं वर्गात शिकवून कळल्या नव्हत्या. त्या सांगायला मी उभी आहे.

आधी खेळ कशाचा, ते सांगते. महाराष्ट्र विधानसभा, फेब्रुवारी १९७८ ते फेब्रुवारी १९८०. बरोबर दोन वर्षांचा काळ. हा काळ निवडण्याचं कारण असं, की आपल्याकडे या काळाबद्दल प्रत्येकाचं मत आहे आणि ते बहुतेक वेळा एका शब्दाचं आहे. तो शब्द तुम्हाला माहीत आहे : खंजीर. वसंतदादा पाटलांचं सरकार जुलै १९७८ मध्ये गेलं, शरद पवार मुख्यमंत्री झाले, आणि पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं कोणीही कोणाचा पक्ष सोडला की हाच शब्द बाहेर येतो. मी पण वर्गात तो वापरलाय. मुलं लगेच जागी होतात. पण एक शब्द वापरला की पुढचा विचार थांबतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आता आकडे बघू, कारण सगळा खेळ आकड्यांवर उभा आहे.

जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस फुटली. इंदिरा गांधींची इंदिरा काँग्रेस वेगळी झाली. उरलेल्या काँग्रेसचे अध्यक्ष ब्रह्मानंद रेड्डी, म्हणून आपल्याकडे तिला रेड्डी काँग्रेस म्हणत. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा, शरद पवार हे सगळे या रेड्डी काँग्रेसमध्ये. लगेच फेब्रुवारीच्या शेवटी विधानसभेची निवडणूक झाली. जागा २८८. जनता पक्ष ९९, रेड्डी काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२. मग शेतकरी कामगार पक्ष १३, मार्क्सवादी ९, फॉरवर्ड ब्लॉक ३, रिपब्लिकन पक्षाचे दोन गट प्रत्येकी २, भाकप १. आणि अपक्ष २८. बहुमताला हवेत १४५.

कोणाकडेच नाहीत. सगळ्यात मोठा पक्ष जनता, पण तो ४६ ने कमी. दोन काँग्रेस, ज्या दोनच महिन्यांपूर्वी एकमेकींना शिव्या देत वेगळ्या झाल्या होत्या, त्या एकत्र आल्या तर १३१. शेवटी त्याच एकत्र आल्या. ७ मार्चला वसंतदादा मुख्यमंत्री आणि इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. महाराष्ट्राला उपमुख्यमंत्री हे पद पहिल्यांदा तेव्हा मिळालं. आज आपल्याला एकाला दोन-दोन उपमुख्यमंत्री बघायची सवय झालीय, पण ते पद जन्माला आलं ते असं, तडजोडीतून.

हे पत्त्यांवर कसं मांडायचं? मी साधारण पाच आमदारांना एक पत्ता धरला. जनता पक्षाचे २० पत्ते. रेड्डी काँग्रेसचे १४. इंदिरा काँग्रेसचे १२. शेकाप, डावे आणि रिपब्लिकन मिळून ६. अपक्षांचे ६, ते मधोमध पालथे. एकूण ५८, म्हणजे बहुमताला ३० पत्ते.

पत्ते कापून झाल्यावर मी ते टेबलावर दोन बाजूंना मांडले आणि थबकले. दोन्ही काँग्रेस मिळून २६. समोर जनता, डावे, शेकाप, रिपब्लिकन सगळे मिळूनही २६! मध्ये सहा अपक्ष. माझ्या कात्रीने थोडी गोळाबेरीज केली आहे हे खरं, पण मूळ आकडेही तसेच आहेत : १३१ आणि १२९. हे आकडे मी कितीदा फळ्यावर लिहिले असतील. पण फळ्यावर ते एकाखाली एक येतात, ९९, ६९, ६२, आणि आपण म्हणतो, जनता पहिली. टेबलावर समोरासमोर मांडल्यावर दिसलं, की तराजूचा काटा मधोमध आहे. अशा सभागृहात पाच-दहा माणसांना किती किंमत येत असेल, हे सांगावं लागत नाही.

राजकारणावरचे खेळ काही मी शोधून काढलेले नाहीत. मुंबईत तयार झालेला 'शासन' नावाचा खेळ २०१९ मध्ये लोकवर्गणीतून उभा राहिला, जगभर खेळला जातो. पण त्यात काल्पनिक नेते असतात. मला खरी विधानसभा हवी होती, आणि खेळणारे मेंढीकोट खेळलेले असले तरी पुरेसं होतं.

तर पहिली बैठक आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये झाली. चार खेळाडू. पहिल्या मजल्यावरचे काका, मंत्रालयातून कारकुनी करून निवृत्त झालेले. आयटीत काम करणारी एक मुलगी, पंचविशीची. कोलशेत गावातले एक दादा. यांचं घर इथे टॉवर यायच्या आधीचं, सँडोझचा कारखाना चालू असल्यापासूनचं. आणि चौथ्या ताई, मूळच्या परभणी जिल्ह्यातल्या. त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

पहिल्या आवृत्तीत रेड्डी काँग्रेसचे १४ पत्ते एकाच खेळाडूकडे होते. ते आयटीतल्या मुलीकडे आले. डाव मार्चमध्ये सुरू झाला, तिने इंदिरा काँग्रेसशी जमवलं, दोन-तीन अपक्ष उचलले, सरकार केलं. छान चाललं होतं. मग मी गठ्ठ्यातला एक पत्ता उलटला. त्यावर मीच लिहिलं होतं : 'जुलै १९७८. फूट. रेड्डी काँग्रेसचे ८ पत्ते जनता पक्षाला द्या.'

ती माझ्याकडे बघत बसली. म्हणाली, "मी काय चुकले?"

मी म्हटलं, "काही नाही गं, तेव्हा असं झालं होतं."

"हो, पण का झालं? मी तर सगळं नीट केलं होतं. मग मला खेळायला कशाला बसवलंत?"

मंडळी, मला तिथे उत्तर देता आलं नाही. तो पत्ता म्हणजे माझी तीस वर्षांची शिकवणी होती. मला शेवट माहीत होता, म्हणून मी तो गठ्ठ्यात घालून ठेवला होता. वर्गात मी हेच करत आले : "आणि मग जुलैमध्ये सरकार कोसळलं." जणू पावसाळा आला. मार्चमध्ये शपथ घेणाऱ्या कोणाला जुलै माहीत होता का? नव्हता. माझ्या खेळात मात्र जुलै आधीच लिहिलेला होता.

तो पत्ता मी फाडला. दुसऱ्या आवृत्तीत रेड्डी काँग्रेस दोन खेळाडूंत वाटली. सहा पत्ते मुख्यमंत्र्यांकडे, आठ पत्ते मंत्रिमंडळातल्या तरुण गटाकडे. हे दोघे भिडू. आठच का, तर पवारांबरोबर बाहेर पडलेल्या आमदारांचा आकडा साधारण चाळीस धरला जातो. आता फूट पडायची तर खेळाडूने ती पाडायची, मी नाही.

दुसऱ्यांदा काय झालं असेल? पहिल्याच फेरीत तरुण गटाने भिडू बदलला! कोलशेतचे दादा तो गट खेळत होते. सरकार स्थापन व्हायच्या आधीच ते पत्ते घेऊन पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले. "तिकडे ३४ होतात ना? मग थांबायचं कशाला?" हिशेब चोख होता. २६ आणि ८, चौतीस. इकडे उरले अठरा. तिसऱ्या डावातही तेच. खेळ दहा मिनिटांत संपायला लागला.

म्हणजे आधी फूट आकाशातून पडत होती, आता ती फुकट मिळत होती. दोन्ही खोटं. कारण प्रत्यक्षात मार्चमध्ये कोणी गेलं नाही. साडेचार महिने सरकार चाललं. सुंदरराव सोळंके, सुशीलकुमार शिंदे, स्वतः पवार, हे सगळे त्या मंत्रिमंडळात होते. ते मार्चमध्ये का गेले नाहीत आणि जुलैमध्ये कसे जाऊ शकले? हा खरा प्रश्न. आणि 'खंजीर' म्हटलं की हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

इथे काका मदतीला आले. ते म्हणाले, "बाई, तुमच्या पत्त्यावर नुसता आमदार आहे. आमदार काय हवेत असतो? त्याचा कारखाना कुठाय? त्याची जिल्हा बँक कुठाय?"

किती बरोबर आहे बघा. १९७८ चा ग्रामीण महाराष्ट्रातला आमदार, विशेषतः पश्चिम महाराष्ट्रातला, एकट्या पक्षावर उभा नव्हता. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याला तोवर पाव शतक होऊन गेलं होतं आणि तसे कारखाने जागोजाग उभे राहिले होते. १९६२ पासून जिल्हा परिषदा होत्या. जिल्हा मध्यवर्ती बँक, खरेदी-विक्री संघ, शिक्षण संस्था. पक्षाचं नाव बदललं तरी ही माणसं, हे मतदार तिथेच राहत. कारखान्याच्या सभासदाला रेड्डी काय आणि इंदिरा काय, त्याचा ऊस वेळेवर तुटला पाहिजे.

म्हणून मी तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक आमदार-पत्त्याखाली ठेवायला दुसरे पत्ते केले : कारखाना, बँक, जिल्हा परिषद, संस्था. आम्ही त्यांना 'पाया' म्हणतो. पाया नसताना बाजू बदलली तर आमदार-पत्ता जातो. पाया असेल तर तो पत्ता टिकतो. आणि पाया जमवायला वेळ लागतो. दर फेरीला एक-एक. झालं, खेळ एकदम बदलला. आता तरुण गटाला पहिल्या फेरीत जाता येईना. थांबावं लागे, खाती मिळवावी लागत. आणि थांबत असताना तो खरोखर सरकारचा भाग असे, भिडूला मदतही करत असे. बाहेर पडणं शक्य झालं तेव्हाही दर वेळी तो पडेलच असं नव्हतं.

या आवृत्तीचे आम्ही पाच डाव खेळलो. तीन वेळा तरुण गट फुटला, दोन वेळा नाही. पाच डावांवरून इतिहास सिद्ध होत नाही, हे मी इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून आधीच सांगते. पण न फुटलेल्या दोन डावांत काय वेगळं होतं, हे मी टिपून ठेवलं. दोन्ही वेळा इंदिरा काँग्रेसचा खेळाडू शांत होता. त्याने आपल्याच सरकारमधल्या भिडूंची खाती ओढली नाहीत. फुटलेल्या तिन्ही डावांत त्याने सरकारमध्ये राहून रेड्डी काँग्रेसलाच खच्ची करायचं धोरण घेतलं होतं.

आता मूळ गोष्टीकडे बघा. तिरपुडे उपमुख्यमंत्री होते आणि त्याच वेळी आपल्या मित्रपक्षावर, यशवंतराव चव्हाणांवर जाहीर टीका करत होते. हे त्या काळच्या प्रत्येक आठवणीत येतं. आपण ते एक रंगतदार तपशील म्हणून वाचतो आणि पुढे जातो, कारण आपली नजर वसंतदादा आणि पवार या दोघांवर खिळलेली असते. टेबलावर बसल्यावर दिसतं, की हा दोघांचा डाव नव्हता. तिसरा हात होता. आणि चौथाही : जनता पक्ष. ९९ आमदार असून बाहेर बसलेला. एस. एम. जोशींसारखा ज्येष्ठ नेता असलेल्या या पक्षाने आपल्यातला माणूस पुढे न करता, समोरून आलेल्या आणि चाळिशीही न गाठलेल्या मंत्र्याला मुख्यमंत्रिपद दिलं. आमच्या खेळात जनता पक्षाच्या खेळाडूला हे फार जड जायचं. "माझे वीस, त्याचे आठ, आणि मुख्यमंत्री तो?" हा वाद प्रत्येक डावात झाला. १९७८ मध्ये तो वाद मिटला कसा, हे मला 'कोणी कोणाला फसवलं' यापेक्षा जास्त विचार करण्यासारखं वाटतं.

१८ जुलै १९७८ ला शपथविधी झाला. पुरोगामी लोकशाही दल, म्हणजे आपलं पुलोद. एन. डी. पाटील सहकार खात्याला, सदानंद वर्दे शिक्षणाला. शेकाप, समाजवादी, जनसंघातून जनता पक्षात आलेले हशू अडवाणी, आणि काँग्रेसमधून आलेले, सगळे एका बाकावर. काकांना हा काळ चांगला आठवतो. त्या आधीच्या हिवाळ्यात राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप झाला होता, काका त्यात होते. विधानसभा तेव्हा नरिमन पॉइंटला नव्हती. आजची इमारत १९८१ ची. तेव्हा रीगलजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये अधिवेशन भरायचं, जिथे आज राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे.

आता कायद्याचा एक प्रयोग सांगते, थोडक्यात.

आपल्या सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा तुम्ही पाहिला असेल. गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, एकूण १२०. त्यात एक मजेशीर नियम आहे : दिवसा खेळायला बसलात तर डाव रामापासून सुरू होतो, रात्री बसलात तर कृष्णापासून. पत्ते तेच, पण केव्हा बसता त्यावर उतारी कोणाची हे ठरतं.

आयटीतली मुलगी म्हणाली, आपणही तसं करू. पत्ते तेच, साल बदलू. १९७८ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदाच नव्हता. जायचं तर जा. १९८५ मध्ये बावन्नावी घटनादुरुस्ती आली, दहावी अनुसूची आली. तिच्यात मूळ तरतूद होती, की एक तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती 'फूट', त्यांचं सदस्यत्व जात नाही. ६९ चे एक तृतीयांश २३. चाळीस जण आरामात सुटले असते. मग २००३ ची एक्क्याण्णवावी दुरुस्ती. एक तृतीयांशाची सोय काढून टाकली. आता दोन तृतीयांश लागतात, आणि तेही दुसऱ्या पक्षात विलीनीकरण म्हणून. ६९ चे दोन तृतीयांश ४६. चाळीसला सहा कमी पडले असते.

म्हणजे तीच माणसं, तोच राग, तोच हिशेब, आणि १९७८ मध्ये सरकार बदलतं, १९८५ च्या नियमानेही बदलतं, २००३ च्या नियमाने अडकतं. आम्ही तिन्ही प्रकारे खेळलो. तिसऱ्या प्रकारात फूट थांबली का? नाही! खेळाडू आणखी दोन पत्ते गळाला लावायच्या मागे लागला. फुटणं उशिरा झालं आणि मोठं झालं. त्यावर भाष्य मी करणार नाही; गेल्या काही वर्षांची वर्तमानपत्रं तुम्हीही वाचलेली आहेत.

आणखी एक तक्रार सगळ्यांनी केली, ती 'केंद्र' नावाच्या पत्त्याबद्दल. शेवटच्या फेरीत तो निघाला की डाव बंद. कोणाकडे किती पत्ते, काही फरक पडत नाही. दादा वैतागले, "मी बहुमत राखलं, पाया जमवला, आणि तुम्ही पत्ते गोळा करता?" मी म्हटलं, दादा, हा एक पत्ता मी फाडणार नाही. १९७७ मध्ये केंद्रात जनता पक्ष आल्यावर नऊ राज्यांतल्या काँग्रेस सरकारांना घरी पाठवलं. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी परत आल्या आणि १७ फेब्रुवारीला त्यांनी नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त केल्या, त्यात आपली होती. पुलोद सभागृहात हरलं नाही. सरकारचं बहुमत सभागृहातच तपासलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई खटल्यात ठासून सांगितलं ते १९९४ मध्ये. तोवर हा पत्ता दिल्लीच्याच हातात होता.

आता परभणीच्या ताईंकडे येते. हा भाग मी शेवटी ठेवलाय, कारण त्यानंतर खेळ आणि मी, दोघंही पहिल्यासारखे राहिलो नाही.

सरकार केलं की काहीतरी काम केलं पाहिजे, म्हणून मी ठरावांचे पत्ते केले होते. कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता, एक गुण. अशा काही गोष्टी. त्यात एक होता : 'नामांतर ठराव, २७ जुलै १९७८. दोन गुण.' पुलोद सरकार आल्यावर अवघ्या नऊ दिवसांनी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. मोठा निर्णय, म्हणून मी दोन गुण दिले. मला ते उदारपणाचं वाटलं होतं.

त्या दिवशी ताई जनता पक्ष खेळत होत्या. सरकार त्यांच्या बाजूचं होतं. पत्ता त्यांच्या हातात आला. त्यांनी तो वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. पुढच्या फेरीत पण खेळल्या नाहीत. मुलगी म्हणाली, "ताई, टाका ना, दोन गुण आहेत, आपण जिंकतोय."

ताई म्हणाल्या, "याला दोन गुण?"

मग सावकाश बोलल्या. त्या वेळी त्या सात वर्षांच्या होत्या. ठराव झाल्याचं त्यांच्या वस्तीत रेडिओवर कळलं, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या आईने तिन्ही मुलांना उठवून रात्रीतून दुसऱ्या गावी मामाकडे नेलं. वडील मागे राहिले. परत आले तेव्हा घराला छप्पर नव्हतं. एवढंच सांगितलं त्यांनी. आवाज चढवला नाही.

मंडळी, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. मराठवाड्यात ठरावानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना जिवंत जाळलं, हे मी शिकवलेलं आहे. पण ते दुसऱ्या प्रकरणात. 'सामाजिक चळवळी' या मथळ्याखाली. पुलोदचं सरकार 'राजकीय इतिहास' या प्रकरणात. माझ्या वह्यांमध्ये १८ जुलै आणि २७ जुलै या दोन तारखा कधी एका पानावर आल्याच नव्हत्या. नऊ दिवसांचं अंतर, आणि मी ते दोन वेगळ्या वर्षांचे धडे असल्यासारखे शिकवत होते.

आणि खेळात तर मी त्याहून वाईट केलं होतं. माझ्या टेबलावर फक्त आमदार होते. ३० पत्ते झाले की ठराव मंजूर, गुण जमा. सभागृहात मंजूर झालेल्या गोष्टीची किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्यासाठी माझ्याकडे एकही पत्ता नव्हता. ठराव मांडणाऱ्याला दोन गुण, आणि ज्यांची घरं गेली त्यांचा खेळात पत्ताच नाही.

मी ताईंना म्हटलं, चुकलं माझं, हा पत्ता मी काढून टाकते. त्या पटकन म्हणाल्या, "काढू नका!"

मी चमकले. त्या म्हणाल्या, "ठराव झाला नसता तर आमच्याकडे मागायला काय होतं? सभागृहाने एकदा हो म्हटलंय, एवढंच धरून माणसं लढली की. काढायचा नाही. पण गुण देऊ नका."

याचा मी बराच विचार केला. ठराव म्हणजे कायदा नव्हे. दंगलीनंतर सरकारने अंमलबजावणी थांबवली. पण ठराव मागेही घेतला गेला नाही. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला, तो या ठरावाच्या अंमलबजावणीसाठी. पुलोद गेलं, अंतुले आले, भोसले, पुन्हा वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण. १४ जानेवारी १९९४ ला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव लागलं. म्हणजे नामांतराचा झाला नामविस्तार. तेव्हा मुख्यमंत्री कोण? शरद पवार. मध्ये साडेपंधरा वर्षं. माझ्या खेळातली दोन्ही वर्षं त्यात विरघळून जातात.

या साडेपंधरा वर्षांत भिडू किती बदलले ते बघा. ज्या इंदिरा काँग्रेसशी भांडण होतं तिच्यातच जाऊन वसंतदादा १९८३ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले. पवार डिसेंबर १९८६ मध्ये काँग्रेसमध्ये परत आले, आणि तेही औरंगाबादलाच. ज्या फुटीला आपण आजही इतका भारी शब्द वापरतो, ती फुटणाऱ्यांनी आठ-साडेआठ वर्षांत सांधून घेतली. मराठवाड्यातल्या वस्त्यांमध्ये जे तुटलं, ते इतक्या लवकर सांधलं गेलं नाही. तरी १९७८ म्हटलं की आपल्याला आठवतं ते पहिलं. शिकवणारी मी, माझीही हीच गत होती.

आता खेळाचं म्हणाल तर ताज्या आवृत्तीत त्या पत्त्यावर गुण नाहीत. सरकारने तो खेळला की टेबलाच्या कडेला एक गठ्ठा उघडतो, त्याचं नाव 'गावं'. दर फेरीला त्यातला एक पत्ता पालथा होतो. नियम असा, की गावाचा पत्ता वाचवायचा तर सरकारला आपला एक पाया खर्च करावा लागतो : कारखाना, बँक, जिल्हा परिषद, काहीतरी. न वाचवल्यास खेळाडूचं काहीच बिघडत नाही. त्याचे गुण जात नाहीत, बहुमत जात नाही.

मुलगी म्हणाली, "मग कोणी वाचवेल कशाला?" मी म्हटलं, तेच बघायचंय. आतापर्यंत तीन डाव झालेत. एकदा कोणीही वाचवलं नाही. एकदा दादांनी एक गाव वाचवलं आणि त्या डावात ते हरले. तिसऱ्यांदा काकांनी दोन वाचवली, पण ताई समोर बसल्या होत्या, म्हणून तो डाव मी मोजत नाही. काकाही हसून म्हणाले, मोजू नका.

आणि डाव संपल्यावर, केंद्राचा पत्ता निघून सगळे पत्ते गोळा केल्यावर, नामांतराचा पत्ता टेबलावरच ठेवायचा. तो पिसायचा नाही, गठ्ठ्यात घालायचा नाही. पुढच्या डावाला जे कोणी बसतील त्यांनी तो समोर ठेवूनच सुरुवात करायची. हा नियम ताईंनी सांगितला, मी फक्त लिहून घेतला.

तर असं आहे. फाडलेल्या एका पत्त्याने मला शिकवलं, की आपल्याला शेवट माहीत आहे म्हणून तो अटळ होता असं समजू नये. आणि न फाडलेल्या पत्त्याने शिकवलं, की विधानसभेचा इतिहास लिहिताना सभागृहाच्या दारावर थांबू नये. दोन्ही गोष्टी पुस्तकात लिहिलेल्या असतात. मला त्या शेजाऱ्यांनी पत्ते खेळताना दाखवल्या.

खेळ अजून पुरता जमलेला नाही. अपक्षांचं गणित कच्चं आहे, आणि विदर्भाला त्यात जवळजवळ जागाच नाही, ही तक्रार मला मान्य आहे. तिरपुडे भंडाऱ्याचे होते, हे लक्षात घेतलं तर ती चूक लहान नाही. तुमच्यापैकी ज्यांना १९७८ आठवतं त्यांनी आज घरी जायच्या आधी मला गाठा. कोण कुठे होतं, काय ऐकलं होतं, सांगा. मला आता आमदारांपेक्षा तेच जास्त हवं आहे.

मागच्या टेबलावर दोन गठ्ठे ठेवलेत. चहा घ्या आणि बसा. एक पत्ता आधीच उघडा ठेवलेला दिसेल, तो हलवू नका.